चिमाच्या छपराची साक्ष

— नाही हो पाळकीणबाई, रागावले वगैरे काही नाही, बसा तुम्ही, सरबत घ्या आधी. कोकमाचं आहे, घरचं. रविवारी आपला हंगामाचा सण, सगळ्यांनी आपापलं पहिलं पीक चर्चमध्ये घेऊन यायचं, आणि उपासना संपता संपता मी उभं राहून चिमाच्या छपराची साक्ष द्यायची — हेच सांगायला आलात ना? आणि मी तोंडावर नाही म्हटलं. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारीला आग्रह हवाय. तसं नाहीये. पाळकसाहेबांना सांगा, दमयंतीबाईंचा घसा बसलाय. — बसलेला नाहीये, ऐकताच आहात तुम्ही. बरं, मग गुडघे दुखतात म्हणून सांगा. उभं राहवत नाही म्हणावं. — तेही नको. पाळकाच्या बायकोला खोटं बोलायला लावायचं म्हणजे काय. थांबा जरा, मलाच नीट सांगू दे.

तुम्हाला काय सांगितलंय लोकांनी? मीच सांगते — कर्ल्याला खाडीच्या कडेला चिमा म्हणून एक गरीब म्हातारी होती, तिच्या घराचं छप्पर गेलं, दमयंतीबाईंनी तिच्याबरोबर प्रार्थना केली आणि दोन महिन्यांत देवाने छप्पर दिलं. एवढंच ना? यातलं काहीही खोटं नाही. शब्द न् शब्द खरा आहे. तेच तर —

तुम्ही जूनमध्ये आलात नगरहून. चिमा गेली एप्रिलात, ईस्टर झाल्यावर. म्हणजे तुमची भेटच नाही. चर्चमध्ये मागे डाव्या खांबाजवळ बसायची. नवरा खलाशी होता, तो लवकर गेला, मूलबाळ नाही. कोंबड्या पाळायची, अंडी विकायची, शनिवारी येऊन चर्च झाडायची. विश्वासात आली ती पन्नाशी उलटल्यावर. बाप्तिस्म्याच्या वेळी तेव्हाच्या पाळकांनी विचारलं, नाव बदलायचंय का, मार्था ठेवूया? तर म्हणाली, देव मला चिमा म्हणून ओळखतो, आता त्याचा घोटाळा कशाला करायचा. आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा.

आणि मी — माझं काय सांगू. चाळीस कलमं आहेत, घराच्या पायरीपासून पार खाली वहाळापर्यंत, सगळा हापूस. आमचे हे, सुजय, कॅनिंगवाल्यांना माल घालायचे, ते गेले तरी बाग चालूच आहे. मुलगा गौरव कॅनडात, सून चांगली. दरवर्षी पहिली पेटी देवाची, तीत कधी खंड नाही. आणि दरवर्षी हंगामाच्या सणाला मी उभी राहायची आणि सांगायची — देवाने मला काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. खरंच मानायची हो मी, ढोंग नव्हतं. लहानपणी आम्हाला शिकवलेलं, आभाळातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी त्यांना बाप खायला घालतो. ते मी मोठी होता होता असं करून घेतलं — की ज्याला घालतो तो त्याचा लाडका. मागे एक वक्ते आले होते मुंबईहून, तीन दिवसांच्या सभा झाल्या, ते म्हणाले, देव आपल्या माणसांना भरभरून देतो, ज्याच्या घरात नाही त्याने स्वतःचा विश्वास तपासून बघावा. मी मान डोलावली. सहज मागे वळून बघितलं, तर खांबाजवळ चिमासुद्धा मान डोलावत होती. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. बरं वाटलं उलट. म्हटलं, समजतंय तिला.

तर गेल्या वर्षीचा मे महिना. तुमच्याकडे नगरला आगोट म्हणतात की नाही कोण जाणे — पाऊस लागायच्या आधी चार महिन्यांचं सगळं घरात भरून ठेवायचं, तांदूळ, कुळीथ, मिरच्या, सुकी मासळी, लाकडं. माझी आगोट म्हणजे बघण्यासारखी असते. एकटी बाई मी, पण हात आवरत नाही. त्या दिवशी अंगणात कोकमं घेऊन बसले होते, आमसुलांसाठी. चिमा आली. बस म्हणायच्या आधीच बसली आणि कोकमं फोडायला लागली, बिया काढून सालं एका बाजूला, नीट. तासभर काम केलंन. बोटं लालभडक. मग म्हणाली, "बाय, वानरांनी कौलां फोडलीत गो. यंदा पावसात घर टिकायचा नाय. पन्नास-साठ कौलां कुठं मिळतात काय बघशील?"

कुठं मिळतात काय. — पाळकीणबाई, तुम्ही आत्ता जिथे बसलात ना, तिथून वीस पावलं. गोठ्याच्या मागे, फणसाखाली. तीन वर्षांपूर्वी गौरवने पैसे पाठवले आणि आम्ही हा स्लॅब घातला, तेव्हा जुन्या घराची सगळी कौलं उतरवून तिथे रचून ठेवलेली. मंगलोरी, जुनी, वाजवली तर खणखणीत आवाज येतो अशी. हजाराच्या वर असतील. गौरव फोनवर एकदा म्हणाला होता, आई, ती फुकट घालवू नको, हॉटेलवाले शोधत असतात. पण त्याच्यावर नाही ढकलत मी. त्याला कळलंही नसतं. विचारलं असतं तर दे म्हणाला असता.

मी काय केलं — मी हात पुसले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, चिमा, आपण देवाला सांगू. तो पुरवील. आणि डोळे मिटून प्रार्थना केली. चांगली प्रार्थना करते हो मी, मंडळीत सगळे म्हणतात. त्या दिवशी तर फारच चांगली झाली. पाखरांचं आलं तीत, रानातल्या फुलांचं आलं, विधवेचं आलं. चिमा आमेन म्हणाली. मग मी तिला पिशवीत आंबे दिले. — डागी दिले. चांगले पेटीत भरायचे होते. ती पिशवी घेऊन पायऱ्या उतरून गेली आणि मला किती शांत वाटलं, सांगते तुम्हाला. वाटलं, आज आपल्या हातून काहीतरी झालं.

सुजय असते ना, तर तिचं बोलणं पुरं व्हायच्या आधी टेम्पोवाल्याला फोन लावला असता त्यांनी. भांडलेही असते माझ्याशी. पण ते नव्हते आणि भांडायला दुसरं कुणी नव्हतं.

पाऊस लागला. स्लॅबखाली पाऊस ऐकू येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? कौलांच्या घरात रात्रभर ऐकू यायचा, जोर किती आहे, वारा कुठला आहे, सगळं अंथरुणात कळायचं. आता सकाळी दार उघडलं की कळतं. चिमा दोन रविवार आली नाही. मी शमिकाला — आपली शमिका, कॉयरमध्ये गाते ती, ती त्याच बाजूला राहते — तिला विचारलंसुद्धा, चिमा दिसत नाही? ती म्हणाली, घर गळतंय तिचं. मी म्हटलं, अरेरे, प्रार्थनेत आठवण ठेवूया. दुसऱ्यांदा तेच. म्हणजे पहिल्यांदा निदान समोर हात तरी होते तिचे.

पुढचं मला सगळ्यांबरोबरच कळलं, हंगामाच्या सणाला. चिमा कधी उभी राहिली नव्हती हो, वीस वर्षांत. त्या दिवशी राहिली. म्हणाली, जुलैत एका सकाळी छपराची मागची पाखं खाली बसली, ती तांदळाचं मडकं पोटाशी धरून बाजेखाली बसून होती. शेजारच्या कनीजला आवाज गेला. कनीजचा नवरा सुलेमान लाँचवर असतो, पण पावसात मासेमारी बंद, म्हणून घरी होता. त्या दोघांनी स्वतःच्या स्वयंपाकघराच्या पडवीला घालायला पत्रे आणून ठेवलेले होते, नवे. ते उचलले आणि भरपावसात चिमाच्या घरावर चढवले. सुलेमानने वर दोरखंड बांधून दिलंन, लाँचवर बांधतात तसं. हे सगळं तिने सांगितलं आणि मग माझ्याकडे हात केला. "माझ्यासाठी दमयंतीबायनं प्रार्थना केलेली," म्हणाली. "देवानं तिचा ऐकला."

सगळं चर्च आमेन म्हणालं. पाळकसाहेबांनी, तुमच्या आधीच्या, माझं नाव घेऊन दहा मिनिटं सांगितलं की एका बहिणीची प्रार्थना दुसऱ्या बहिणीचं छप्पर कशी होते. बाया येऊन गळ्यात पडल्या. आणि मी काय म्हटलं असेल? म्हटलं, प्रभूची स्तुती असो. मान खाली घालून. लोकांना वाटलं नम्रपणा. उपासना झाल्यावर लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो ना, तुम्ही बघालच, त्यात चिमाने तवसं आणलं होतं, मोठी काकडी असते आमच्याकडे पावसातली, त्या पत्र्यांवर वेल चढवलेला तिने, त्याचं पहिलं. ते मी घेतलं. चढाओढीने घेतलं, दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही. घरी आणलं आणि मला ते चिरवेना. दिवस गेले, खालून पाणी सुटलं, मग कलमाच्या बुंध्याशी नेऊन टाकलं.

तेव्हापासून लोक येतात माझ्याकडे. अजूनही. कुणाची नोकरी, कुणाचं मूल, कुणाचा व्हिसा. म्हणतात, बाईंच्या प्रार्थनेला गुण आहे. मी नाही म्हणत नाही कुणाला. बसवते, हात धरते, डोळे मिटते — आणि डोळे मिटले की मला फणसाखालची कौलं दिसतात. शेवाळ धरलेली.

मार्चमध्ये, उपासकाळात, शमिका म्हणाली, चिमा उठत नाही आताशा. मग गेले मी. वीस वर्षांत तिच्या घरी पहिल्यांदा गेले. आगोटीतलं सगळं दोन पिशव्या भरून नेलं — तांदूळ, कुळथाचं पीठ, फणसपोळी, चांगलंचुंगलं. ती बाजेवर होती. वर पत्रे तापलेले, आत भट्टी झालेली. कनीज उशाशी बसून तिला पेज भरवत होती, मला बघून उठली, वाटी माझ्या हातात दिलीन आणि बाहेर गेली. मी दोन चमचे भरवले आणि मग मला राहवेना. म्हटलं, "चिमा, कौलं माझ्याकडे होती. त्या दिवशी. गोठ्यामागे."

"ठाऊक हाय मला," म्हणाली. "ती बघूनच तुझी पायरी चढलंय मी."

मी म्हटलं, "मग सरळ मागितली का नाहीस?"

"मागितली की," म्हणाली. "तू डोळे मिटलंस."

टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर सोसला असता, मीही काही बोलले असते. ती आपली सांगत होती, पाऊस आला, कोंबडीने अंडं घातलं, तसं. मी विचारलं, मग मंडळीत उभं राहून माझं नाव का घेतलंस? तर माझ्याकडे बघत राहिली, मलाच काही कळत नाही असं. म्हणाली, "प्रार्थना तूच केलेलंस ना? देवानं ऐकली. तुला जमला नाय, कनीजला जमला. छप्पर आला ना घरावर."

मी म्हटलं, उद्याच्या उद्या पाठवते सगळी. नको म्हणाली. तिला आता कशाला, ती किती दिवसांची. मग कुशीवर वळली, मला वाटलं झोप लागली, तेवढ्यात म्हणाली, "पुढच्याला मागायला लावू नको."

बस. ईस्टरनंतर गेली.

— नाही, पाणी नको मला. बसा. तुम्ही म्हणाल, झालं की मग, कबूल केलंत, तिने मनात ठेवलं नाही, देवानेही ठेवलं नसेल. तसंच म्हणायचं असतं पाळकाच्या बायकोने. पण ऐका. का नाही दिली मी कौलं, हे तुम्ही विचारलंच नाहीत. चिकट नाही हो मी, विचारा कुणालाही. मी यावर खूप विचार केलाय, आणि जे सापडलं ते चांगलं नाही. मला आवडायचं तिने यायला. मागायला. अंगणात बसून माझी कोकमं फोडायला. आणि दरवर्षी मी उभी राहून जे सांगायची ना, मला काही कमी नाही — ते मी खांबाजवळ बसलेल्या चिमाकडे बघून सांगायची. तिला कमी होतं म्हणून माझं भरलेलं दिसायचं. तिच्या घरावर माझी कौलं चढली असती तर मग मी कशावर — जाऊ दे. बोलून दाखवायच्या गोष्टी नाहीत या.

आणि तेवढ्यावरही थांबले नाही मी. आम्ही सगळे चिमाच्या मातीला गेलो, परत येताना कनीजच्या दारावरून आलो. तिच्या स्वयंपाकघराची पडवी बघितली. वर ताडपत्री, चार दगड ठेवलेले. पत्रे चिमाच्या घरावर, आणि चिमाचं घर तिच्या पुतण्याने कुलूप लावून ताब्यात घेतलेलं, पत्र्यांसकट. कनीज बाहेर आली. चहा घेऊन जा म्हणाली. मला तिथेच, त्या क्षणी कळलं होतं पुढची कोण ते. तिला मागायला लावायचं नव्हतं मला. ती मागणारही नव्हती. नुसतं पाठवायचं होतं. एक टेम्पो.

मे महिन्यात कौलं विकली मी. गणपतीपुळ्याच्या बाजूला कुणीतरी जुन्या पद्धतीचं हॉटेल बांधतोय, त्याची माणसं आली, भराभर मोजून घेऊन गेली. मला ती डोळ्यांसमोर नको होती, पाळकीणबाई. एवढंच. रोज गोठ्याकडे जायचं आणि रोज ती बघायची — मला वाटलं, गेली की सुटले. आणि पैसे घरात ठेवले नाहीत, तेवढा वाईटपणा नाही केला. सगळेच्या सगळे चर्चला दिले. तुम्ही पहिल्या रविवारी आलात तेव्हा म्हणालात ना मला, पंखे किती छान आहेत, आवाजसुद्धा येत नाही. तेच ते. पंख्यांवर माझं नाव घालू नका म्हटलं होतं मी कमिटीला. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

तर हे असं. आपण सगळे पंख्याखाली बसून म्हणतो, देव पुरवतो, आणि कनीजने हा पावसाळाही ताडपत्रीखाली चूल पेटवून काढला. आता रविवारी मी उभी राहू आणि सांगू चिमाची गोष्ट? खरी आहे म्हणून? लोक रडतील हो. मी सांगितली तर नक्की रडतील, मला सांगता येते.

— उशीर झाला तुम्हाला. सरबत तसंच राहिलं. पाळकसाहेबांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, बरी आहात तुम्ही, समजूतदार आहात, माझ्या सुनेच्या वयाच्या — म्हणून बोलले एवढं, नाहीतर कुणाजवळ बोलले नसते. तेवढं फक्त तुमच्याजवळच ठेवा हं. मंडळीत उगाच नको. लोकांचा विश्वास असतो, तो कशाला —

काय बोलले मी आत्ता?

जा तुम्ही. नाही, खरंच जा. आणि सांगा त्यांना, सगळं सांगा, कौलांचं, कनीजचं, पंख्यांचं. उद्या मी फोन करून म्हणेन, सांगू नका. तरी सांगा.